बाबांना इंजेरा खायला नेलं, आणि आईला उपाशी घरी आणलं

अबोली२२ | १४ सप्टेंबर २०२४, रात्री ९:४०

बुधवारी जे झालं ते अजून डोक्यातून जात नाही. या मंचावर आफ्रिकेत राहून आलेले, घरी इंजेरा (इथिओपियाची आंबवलेली, आंबोळीसारखी भाकरी) करणारे आणि गहू न चालणारे असे तिन्ही प्रकारचे लोक आहेत. मला तिघांशीही बोलायचंय, म्हणून धागा काढतेय.

माझे बाबा १९७२ ते १९७५ इथिओपियात गणिताचे शिक्षक होते. त्या काळी सम्राट हाइले सेलासींच्या सरकारने भारतातून खूप शिक्षक नेले होते. बाबा तेव्हा २४ वर्षांचे, सांगली सोडून फार तर पुण्यापर्यंत गेलेले. त्यांना मिळालं देब्रे बेर्हान, अदिस अबाबाच्या ईशान्येला सुमारे १३० किलोमीटर, २,८०० मीटर उंचीवरचं थंडगार गाव. बाबा पक्के शाकाहारी. पहिले आठ दिवस त्यांनी चहा आणि केळ्यांवर काढले. मग घरमालकीणबाईंच्या लक्षात आलं. बुधवार आणि शुक्रवार हे त्यांच्या चर्चचे उपासाचे वार. त्या दिवशी मांस, अंडी, दूध, लोणी काहीच चालत नाही. बाईंनी बाबांना खुणेने सांगितलं, तुझा रोजच बुधवार. आणि तीन वर्षं त्यांच्यासाठी वेगळं शिरो (डाळीच्या पिठाचं कालवण), मसूर, कोबी-बटाटा रांधलं. १९७४च्या सप्टेंबरात सम्राटांना पदच्युत केलं, शाळा बंद पडल्या, बाहेर काय चाललंय कळत नव्हतं, तेव्हाही त्यांचं ताट चुकलं नाही. हे सगळं मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की ते घर मी स्वतः पाहिल्यासारखं वाटतं.

आई-बाबा सध्या माझ्याकडे अमेरिकेत मेरीलँडला आलेत. बाबा ७६ वर्षांचे आहेत. इंजेरा शेवटचा खाल्ला त्याला ४९ वर्षं झाली. ११ सप्टेंबरला इथिओपियन नववर्ष असतं, एन्कुतातश, आणि यंदा ते बुधवारीच आलं. बाबा कॅलेंडर बघून म्हणाले, "बघ, माझा वार आला." तेव्हाच ठरवलं.

आईला सीलिअॅक आहे, सहा वर्षं झाली. गहू, रवा, सातू सगळं बंद. बाहेर जेवायला गेलं की ती बिचारी दह्या-भातावर भागवते. इंजेरा ज्या धान्याचा करतात त्या टेफमध्ये ग्लुटेन (गव्हातलं तिला न चालणारं प्रथिन) नसतं, म्हणजे पहिल्यांदाच असं होणार होतं की ताटातली मुख्य भाकरीच तिला चालणारी. मी सोमवारी इथल्या एका इथिओपियन हॉटेलात फोन केला. ते म्हणाले, निव्वळ टेफचा इंजेरा हवा असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. मी म्हटलं, आम्हां चौघांनाही तोच द्या, आणि कारणही सांगितलं. मंगळवारी परत फोन करून खात्री केली.

बुधवारी मोठं गोल ताट आलं. बाबांचा चेहरा उजळला. त्यांनी वाढणाऱ्या मुलीला "मेल्काम अद्दिस अमेत" म्हणून नववर्षाच्या शुभेच्छा दिल्या, ती गोड हसली. आणि आईने विचारलं, "अगं, हे खाली जे अंथरलंय ते पांढरट का, आणि या बाजूच्या गुंडाळ्या काळसर का?"

गुंडाळ्या टेफच्या होत्या. ताटात खाली अंथरलेला इंजेरा नेहमीचा होता, गव्हाचं पीठ आणि बार्ली घातलेला. त्यावर सगळ्या भाज्या, वरणं ओतलेली. म्हणजे आईला चालणारी पोळी बाजूला आणि तिला चालणारं कालवण गव्हावर.

आम्ही सांगितलं, त्यांनी ताट परत नेलं. चाळीस मिनिटांनी भाज्या वाट्यांमधून आल्या. मसुराच्या वाटीच्या कडेला बोटाच्या पेराएवढा पांढरट इंजेराचा तुकडा चिकटलेला होता. ताटावरचंच खरवडून वाटीत भरलं होतं.

आईने वाटी हळूच सरकवली. बाबांनीही हात धुतला. नवऱ्याने बिल दिलं, टीपसकट ११८ डॉलर. घरी येऊन रात्री दहाला मी मऊ भात टाकला.

---

जास्वंद | १४ सप्टेंबर, रात्री १०:१५

अगं, वाचूनच पोटात तुटलं. आईंना काही त्रास तर नाही ना झाला?

---

अबोली२२ | १४ सप्टेंबर, रात्री १०:२२

नाही, तिने तोंडात घासच घातला नव्हता. तिची नजर फार तीक्ष्ण आहे, नाहीतर आठवडाभर आजारी पडली असती.

---

आंबेमोहर | १४ सप्टेंबर, रात्री ११:०५

मला स्वतःला सीलिअॅक आहे, त्यामुळे आधी हेच लिहिते. अॅलर्जी आणि हे एक नव्हे. यात शरीर स्वतःच्याच आतड्यावर हल्ला करतं आणि त्याला चमचाभर पीठ लागत नाही, एवढासा कण पुरतो. "गव्हावरचं खरवडून दिलं" हे ऐकणाऱ्याला किरकोळ वाटतं, आपल्याला नाही. तुम्ही तिथे न जेवता उठलात ते अगदी बरोबर केलंत.

इथिओपियन ठिकाणी मी चार प्रश्न विचारते. टेफचा इंजेरा तुम्ही भाजता की बाहेरून आणता? वेगळ्या तव्यावर भाजता का? ताटात खाली काय अंथरणार? आणि आंबवणात विरजण कुठलं घालता, कारण गव्हाच्या पिठाच्या आंबवणातलं पाणी टेफमध्ये घातलं तर सगळं मुसळ केरात. तिसरा प्रश्न मला माझ्या अनुभवातून सुचलाय. मीही तुमच्यासारखीच फसले होते.

---

टेकडीवरचा | १५ सप्टेंबर, सकाळी ७:३०

वाईट झालं हे खरंच. पण मी न्यू जर्सीत इडली-डोशाच्या हॉटेलात सहा वर्षं काम केलंय, म्हणून दुसरी बाजूही मांडतो.

एक, तुम्ही त्यांच्या वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवशी गेलात. आमच्याकडे दिवाळीला स्वयंपाकघरात काय हलकल्लोळ असायचा ते आठवतं. फोनवर बोलणारा माणूस आणि ताट लावणारा माणूस वेगळा असतो आणि मधला कागद हरवतो.

दोन, मिश्र पिठाचा इंजेरा म्हणजे फसवणूक नव्हे. टेफ महाग. इथिओपियाने २००६ मध्ये कच्च्या टेफच्या निर्यातीवर बंदी घातली, त्यामुळे इथल्या लोकांना आयडाहोत पिकणाऱ्या टेफवर भागवावं लागलं. परवडावं म्हणून आणि भाजायला सोपं जावं म्हणून त्यात दुसरं पीठ मिसळायची पद्धत पडली. खुद्द इथिओपियातही गरिबांच्या घरी ज्वारी, मका, बार्ली घालून इंजेरा होतोच.

एक तारा देऊन मोकळं होऊ नका एवढंच म्हणणं आहे. अशी ठिकाणं बहुतेक एका कुटुंबाच्या जिवावर चालतात.

---

अबोली२२ | १५ सप्टेंबर, सकाळी ८:५०

टेकडीवरचा, तुमचं पटतं आणि मी कुठेही काही तारे-बिरे दिलेले नाहीत. इथेही नाव लिहिलेलं नाही, लिहिणारही नाही.

पण माझी तक्रार मिश्र पिठाची नाहीच. बाबांनीही कधीमधी ज्वारीचा खाल्लाय, ते सांगतात. "आज जमणार नाही" असं त्यांनी म्हटलं असतं तर मी हसत दुसरा दिवस घेतला असता. दोनदा विचारून, कारण सांगून, हो म्हणवून घेतल्यावरही असं झालं. आणि गर्दीमुळे पहिलं ताट चुकलं हे मी समजू शकते; दुसरं ताट गर्दीमुळे चुकलं नाही. ते कुणीतरी विचार करून खरवडलं.

शिवाय चवीचंही सांगते, कारण काल रागाच्या भरात राहून गेलं. नवऱ्याने आणि बाबांनी दोन-दोन घास खाल्ले होते. इंजेराच्या कडा वाळून तुटत होत्या, आंबटपणा नावाला नाही. शिरो कोमट. मसुरात कांदा वेगळा दिसत होता, कच्चट, आणि वर तेल तरंगत होतं. जेवणानंतर बुन्ना, म्हणजे त्यांची कॉफी, मिळेल असं पाटीवर लिहिलेलं. आली ती यंत्रातली, कागदी पेल्यात. बाबांनी पेला दोन्ही हातांत धरला, वास घेतला आणि तसाच खाली ठेवला.

---

मावळतीकर | १५ सप्टेंबर, दुपारी १२:४०

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. मी नोकरीनिमित्त अदिसला साडेतीन वर्षं होतो (२०१३ ते २०१६). अदिस म्हणजे नवं, अबाबा म्हणजे फूल. शहराचं नाव ऐकलं की मला अजूनही सकाळची भाजत्या कॉफीची दरवळ येते.

तुम्ही जो कांदा लिहिलात त्यातच सगळं आलं. वोत, म्हणजे त्यांचं रस्सेदार कालवण, कुठलंही असो, मसुराचं मिसिर वोत नाहीतर कोंबडीचं दोरो वोत, त्याचा जीव कांद्यात. लाल कांदा अगदी बारीक चिरून पातेल्यात कोरडाच टाकतात, तेल नाही, पाणी नाही. मंद आचेवर पाऊण तास, तासभर हलवत बसायचं. कांदा आधी पाणी सोडतो, मग ते आटतं, मग त्याचा गोडसर लगदा होतो. तेव्हा कुठे तेल, आणि मग बेरबेरे. हा मसाला म्हणजे सुकी लाल मिरची, मेथी, ओवा, आलं, लसूण, कोरेरिमा नावाची त्यांच्याकडची वेलची आणि आणखी बरंच काही. घराघराचा वेगळा, आपल्या मालवणीसारखा. मी ज्यांच्याकडे जेवायचो त्या बाई वर्षाचा मसाला एकदम करायच्या, अंगणात चटईवर मिरच्या वाळत घालून. मला थेट कोल्हापूरच्या मावशीची गच्ची आठवायची.

घाईत हे होत नाही. कांदा तेलात परतून घाई केली की तुम्ही वर्णन केलंत तेच होतं, कांदा एकीकडे, तेल एकीकडे.

कॉफीचं तर विचारूच नका. हिरवे दाणे तुमच्यासमोर भाजतात, धूर हाताने तुमच्याकडे ढकलतात, की घ्या वास. मग कुटून, जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळून तीन वेळा वाढतात: अबोल, तोना, बरका. पहिली कडक, तिसरी पातळ, आणि तिसरी न घेता उठणं बरं दिसत नाही. बाबांनी पेला का खाली ठेवला ते मला समजलं.

---

निशिगंध | १५ सप्टेंबर, दुपारी ३:१०

मी घरी इंजेरा करते, चार वर्षं झाली (पोर्टलंड). अबोली, आईंसाठी घरीच कर. पद्धत लिहिते.

टेफ खसखशीएवढं बारीक असतं, पीठ बाजारात मिळतं. पाकिटावर ग्लुटेन-फ्री छापलंय ना ते पाहा. अमेरिकेत तसं छापायचं तर दहा लाखांत २० भागांपेक्षा कमी ग्लुटेन असावं लागतं. पीठ पाण्यात सैलसर भिजवून झाकून ठेव. दोन-तीन दिवसांत वर पिवळसर पाणी साचतं, ते एर्शो. थोडं बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेव, पुढच्या वेळचं विरजण झालं. बाकीचं ओतून टाक.

आता खरी मेख. त्या आंबलेल्या पिठातलं पळीभर घेऊन उकळत्या पाण्यात घालून पेजेसारखं शिजवायचं. याला अब्सित म्हणतात. गार झालं की परत पिठात मिसळायचं आणि फुगेपर्यंत थांबायचं. गव्हातला चिकटपणा टेफला नसतो, तो या पेजेतून येतो. ही पायरी गाळली की कडा तडकतात आणि गुंडाळताना मोडतो. गव्हाचं पीठ मिसळतात ते बऱ्याचदा हीच मेहनत वाचवायला.

तव्यावर बाहेरून आत गोल गोल ओतायचं. आंबोळीसारखी जाळी पडली की झाकण. उलटायचा नाही अजिबात. त्या भोकांना ते डोळे म्हणतात. त्यांच्या मितादवर, मोठ्या तव्यावर, दीड-दोन फुटांचा होतो. आपल्या तव्यावर आंबोळीएवढा कर. माझे पहिले सहा चिकटून बसले, सातवा निघाला.

---

सह्यकडा | १५ सप्टेंबर, सायंकाळी ६:२०

धाग्याशी थोडं बाजूचं, पण राहवत नाही. नाशिकच्या पश्चिमेला आमच्याकडे खुरासणी पेरतात, म्हणजे कारळे. त्याचं शास्त्रीय नाव ग्विझोशिया अबिसिनिका. अबिसिनिया म्हणजेच इथिओपिया! तिथे त्याला नूग म्हणतात आणि उपासाच्या स्वयंपाकात लोणी चालत नाही म्हणून याचंच तेल वापरायची जुनी रीत आहे. नाचणीही मूळची पूर्व आफ्रिकेच्या डोंगराळ भागातली.

काकांना विचारा, तिथे कारळ्याच्या तेलाचा वास आठवतो का?

---

अबोली२२ | १५ सप्टेंबर, रात्री ८:००

सह्यकडा, विचारलं. बाबा एकदम उठून बसले. म्हणाले, "अरे, म्हणूनच! मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवलो तेव्हा वाटलं, हा वास आपल्या आजीच्या डब्यातला आहे." पन्नास वर्षं त्यांना वाटायचं की एकटेपणामुळे भास झाला असेल. तुम्ही त्यांना फार मोठी गोष्ट दिलीत.

---

खारीक | १६ सप्टेंबर, सकाळी ६:५५

वॉशिंग्टनच्या इतक्या जवळ राहून असं व्हावं याचं जास्त वाईट वाटतं. तिथल्या अॅडम्स मॉर्गन भागात अठराव्या रस्त्यावर १९७०-८०च्या दशकांत निर्वासित होऊन आलेल्या इथिओपियन लोकांनी पहिली हॉटेलं काढली. मग ती यू स्ट्रीट आणि नवव्या रस्त्याकडे सरकली, मग सिल्व्हर स्प्रिंगला. अशी ठिकाणं आहेत जिथे मी डोळे झाकून कुणालाही नेईन.

अबोली, तुम्ही सांगितलं नाहीत तर त्यांना कसं कळणार? रागावून नाही, पण मालकांशी एकदा बोला. उद्या दुसरं कुणी सीलिअॅकवालं जाईल आणि त्याची नजर तुमच्या आईसारखी नसेल.

---

टेकडीवरचा | १६ सप्टेंबर, सकाळी ९:१५

खारीक यांना अनुमोदन. आणि अबोली, दुसऱ्या ताटाबद्दल तुम्ही बोललात ते बरोबर आहे. मी गर्दीची सबब त्यालाही लावली, ते चुकलं. आमच्या हॉटेलात शेंगदाण्याची अॅलर्जी सांगितली की मालकीणबाई स्वतः नवं पातेलं काढायच्या, दिवाळी असो की काही असो.

---

अबोली२२ | १८ सप्टेंबर, रात्री ९:२०

काल बोलले. मालकीण होत्या फोनवर, पन्नाशीच्या असाव्यात. मी सगळं सांगितलं, वाटीच्या कडेचा तुकडासुद्धा. बराच वेळ पलीकडून आवाज नाही. मग म्हणाल्या, ताट लावणारा मुलगा नवा होता, पण दुसऱ्या वेळी मी तिथेच होते, मी बघायला हवं होतं. पैसे परत करते म्हणाल्या. मी म्हटलं, पैसे नकोत, तुमच्या मेन्यूत लिहा की ताटात खाली मिश्र पिठाचा इंजेरा असतो, आणि टेफवाल्यांना भाज्या पातेल्यातून वेगळ्या वाढा. लिहिते म्हणाल्या. लिहितील की नाही ते बघेन, अजून काही पाहिलेलं नाही.

त्यांनी विचारलं, तुमचे वडील कुठे होते? देब्रे बेर्हान म्हटल्यावर एकदम म्हणाल्या, "फार थंडी तिथे." बाबांना सांगितलं तर दिवसभर तेच वाक्य घोळवत होते. परत जायचं का विचारलं तर आईकडे बघून नको म्हणाले. मलाही नकोच होतं. माफी मिळाली तरी तिथे आईच्या पुढ्यात ताट ठेवायला माझं मन धजत नाही.

---

मावळतीकर | १९ सप्टेंबर, सकाळी ८:००

जाऊ नका, बरोबर आहे. पण बाबांना एक विचारा, तिथे कुणी गुर्शा दिला होता का? आपल्या हाताने घास करून समोरच्याच्या तोंडात घालतात, आपण लग्नात घास भरवतो तसा, फक्त तिथे तो पाहुण्यालाही देतात.

---

अबोली२२ | २२ सप्टेंबर, रात्री १०:३०

शनिवारी सिल्व्हर स्प्रिंगच्या एका इथिओपियन वाणसामानाच्या दुकानात गेलो. बाबांना गाडीत तासभर बसवलं, गुडघ्याखाली उशी ठेवून. निशिगंध, तुझं पीठ आणलं आणि भिजवलं, पण ते होईपर्यंत दम कुणाला, म्हणून ग्लुटेन-फ्री छापलेला निव्वळ टेफचा तयार इंजेराही आणला. बेरबेरेही मोहोरबंद पाकिटातलं घेतलं, तशीच खूण पाहून.

आज कांदा बाबांनी परतला. मी खुर्ची ओढून दिली तरी उभेच. चोपन्न मिनिटं, मी घड्याळ लावलं होतं. मधे मी तेल घालू का विचारलं तर त्यांनी पातेल्यावर हात आडवा धरला. कांदा गुळासारखा झाला तेव्हा कारळ्याचं तेल नव्हतं म्हणून साधं सूर्यफुलाचं घातलं, मग बेरबेरे, मग मसूर.

स्टीलच्या परातीत इंजेरा अंथरला. आईने तरी आधी पाकीट मागून घेऊन चष्मा लावून पूर्ण वाचलं. मग बाबांनी तुकडा तोडला, मसूर गुंडाळला आणि सरळ तिच्या तोंडाशी नेला. मावळतीकर, तुमचा प्रश्न मी तोवर त्यांना विचारलाही नव्हता. आई म्हणाली, "अहो, मुलांसमोर काय," आणि घास घेतला. चावून झाल्यावर म्हणाली, "आंबोळी जरा जास्त आंबलीय, पण वरण छान झालंय."

बाबा म्हणाले, तेवढी आंबटच असते.

---

निशिगंध | २३ सप्टेंबर, सकाळी ७:१०

उरलेला टाकू नकोस हं! तुकडे करून बेरबेरेच्या रश्शात टाकायचे, त्याला फिरफिर म्हणतात, तिथे सकाळी खातात.

---

अबोली२२ | २३ सप्टेंबर, सकाळी ९:४५

उशीर झाला तुला. आई सकाळी माझ्याआधी उठली आणि तिने उरलेल्या इंजेराचा कुस्करा केला, फोडणीच्या पोळीसारखा, मोहरी, कढीलिंब, हिरवी मिरची घालून. सहा वर्षांत तिने फोडणीची पोळी खाल्ली नव्हती. दोनदा घेतला.